तळी बांधणारे आणि वसुली करणारे

बुंदेलखंड म्हटले की मराठी माणसाला तीन नावे आठवतात. झाशीची राणी, मस्तानी आणि इतिहासाची थोडी अधिक गोडी असली तर गोविंदपंत बुंदेले. त्यापुढे आपली गाडी सहसा जात नाही. खरी गाडीसुद्धा जात नाही. दिल्लीच्या वाटेवर झाशी लागते, आपण फलाटावर उतरून चहा घेतो, राणीला मनातल्या मनात नमस्कार करतो आणि पुन्हा आपल्या बर्थवर येऊन बसतो. खजुराहोची देवळे पाहायला जाणारेही परस्पर जातात आणि परस्पर येतात. मधला सगळा मुलूख, उत्तर प्रदेशातले सात आणि मध्य प्रदेशातले सात मिळून चौदा जिल्हे, आपल्या लेखी नकाशावरची मोकळी जागा.

माझी या मुलखाशी ओळख झाली ती मात्र अगदीच रुक्ष कागदांतून. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली निम्मी शेतीकर्जात आणि त्याच्या वसुलीत. मुख्य कचेरीतून मागास जिल्ह्यांची जी परिपत्रके येत, त्यांत बांदा, हमीरपूर, छतरपूर, टीकमगड ही नावे हटकून असत. निवृत्त झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात. मी ठरवले की परिपत्रकातली गावे पाहायची. दिवाळी आटोपली आणि आम्ही दोघे निघालो. ‘‘तिथेही कुणाच्या दारात वसुलीला उभे राहू नका म्हणजे झाले,’’ एवढी एकच अट पत्नीने घातली.

झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तासाभरात हा मुलूख आपले रूप दाखवू लागतो. दोन्ही बाजूंना सपाट शेते आणि त्यांतून एकाएकी उगवल्यासारख्या ग्रॅनाइटच्या राशी. कुणी तरी गोटे रचून ठेवावेत तशा. मधूनच गारगोटीच्या दगडाची लांबच लांब, अरुंद टेकडी एखाद्या तटासारखी आडवी जाते. सह्याद्रीच्या काळ्या पत्थरावर वाढलेल्या डोळ्यांना हे सारे परके वाटते. माणसे मात्र परकी वाटत नाहीत. समोरच्या आजोबांनी नातवाला ‘काए रे’ म्हणून हटकले, तेव्हा आम्ही दोघांनीही दचकून पाहिले. बुंदेलीत ‘काए’ म्हणजे ‘का’ आणि होकाराला ‘हओ’. एवढ्या भांडवलावर पत्नीने शेजारच्या बाईंशी संसाराच्या गप्पा सुरू केल्या. त्या बाईंनी महेरीची कृती सांगितली. भरडलेली ज्वारी ताकात मंद आचेवर शिजवायची. ‘‘अहो, या तर आपल्या ताकातल्या कण्या!’’ पत्नीने मला खिडकीपासून ओढून सांगितले.

बेलाताल नावाच्या लहानशा स्टेशनावर आम्ही उतरलो. हेच जैतपूर. १७२९ साली छत्रसालाच्या हाकेला धावून आलेल्या पहिल्या बाजीरावाने महंमदखान बंगशाला याच किल्ल्यात कोंडले. रसद तुटली, फौज उपाशी मरू लागली आणि पुन्हा बुंदेलखंडावर चालून येणार नाही अशा बोलीवर बंगशाची सुटका झाली. उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. गजेंद्रमोक्षाचा तो दोहा ऐकत आपण सगळेच वाढलो. किल्ला आज पडका आहे. बुरुजांवर झुडपे माजली आहेत. पण तटावरून खाली पाहिले तेव्हा मी इतिहास विसरलो. डोळे पुरणार नाहीत एवढे पाणी पसरलेले होते. कडेने शिंगाड्याचे वेल, पलीकडे बगळे, घाटावर धुणी धुणाऱ्या बायका. हा बेलासागर. चंदेल राजांनी बांधलेला, म्हणजे बाजीराव इथे आला तेव्हाही तो शेकडो वर्षांचा जुना होता.

चंदेल म्हटले की आपल्याला खजुराहो आठवते. त्यांची थोरवी खरी पाहायची तर महोब्यात पाहावी. राहिलसागर, विजयसागर, कीरतसागर, मदनसागर. नवव्या शतकापासून बाराव्यापर्यंत जो राजा गादीवर आला त्याने आपल्या नावाचे तळे मागे ठेवले. मदनसागरात मधोमध एक ग्रॅनाइटचे देऊळ पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे उभे आहे. कीरतसागराच्या काठी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कजलीचा मेळा भरतो. ११८२ च्या सुमारास पृथ्वीराज चौहानाने महोब्याला वेढा घातला, आल्हा-उदल लढले, आणि लढाईमुळे त्या वर्षी राखी एक दिवस उशिरा बांधली गेली, अशी इथली श्रद्धा आहे. महोबा आजही राखी एक दिवस उशिराच बांधतो.

ही तळी बांधण्यामागची अक्कल एका निवृत्त शिक्षकांनी मला कीरतसागराच्या बांधावर बसून समजावली. या भागात पाऊस कमी नाही. वर्षाची सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर जाते, म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यांपेक्षा चांगलाच जास्त. पण तो पडतो दोन-अडीच महिन्यांत, आणि खाली अखंड खडक. पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. बेतवा, धसान, केन या नद्यांतून धावत उत्तरेला यमुनेला जाऊन मिळते. विहीर खणावी तर खडक लागतो. चंदेलांच्या कारागिरांनी त्या गारगोटीच्या टेकड्या हेरल्या. दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या बांधाने बुजवायची, बांधाला दगडी पायऱ्यांचे अस्तर द्यायचे, की निसर्गाने तीन बाजू बांधलेल्याच. तळ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाझराचे पाणी मिळे, शेते भिजत, गुरे पीत. महोब्याचे देसावरी पान याच पाण्यावर मोठे झाले. एका पानमळ्यात, इथे त्याला बरेजा म्हणतात, आम्ही वाकून शिरलो. आत गारवा आणि हिरवा काळोख. मळेवाल्याने दिलेले पान खरोखर तोंडात विरघळले. आता फार थोडे मळे उरले आहेत, मुलगा दिल्लीला इमारतींच्या कामावर आहे, हेही त्याने त्याच सुरात सांगितले.

मग इतकी तळी असलेला मुलूख तहानला कसा? ज्या तळ्यांना शतके गेली, त्यांच्यात गेल्या काही पिढ्यांत गाळ साचला. पाणी येण्याच्या वाटांवर घरे उठली, कुठे पोटातली सुपीक माती पेरायला मिळावी म्हणून तळेच रिकामे ठेवले गेले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, ते आपण विसरलेलो नाही. पुढच्याच महिन्यात तशी गाडी महोब्यासाठी पाठवण्याचे निघाले, उत्तर प्रदेश सरकारने ती नको म्हटली आणि त्यावर दिल्ली-लखनौत वाद रंगला. कीरतसागर आणि मदनसागर ज्या गावात आहेत, त्या गावासाठी पाण्याची गाडी! ते शिक्षक सांगताना हसत होते. मला हसू आले नाही.

दुष्काळाने इथे एक शब्द रूढ केला आहे, ‘अन्ना’. चारा-पाणी देणे परवडत नाही म्हणून गुरे मोकळी सोडून द्यायची, ही अन्ना प्रथा. पूर्वी ती उन्हाळ्यापुरती होती, आता बारमाही झाली आहे. रात्री रस्त्याने जाताना शेताशेतांत बॅटऱ्या लुकलुकताना दिसल्या. आपलीच सोडलेली गुरे आपल्याच पिकात येऊ नयेत म्हणून शेतकरी थंडीत मचाणावर जागत होते. आणि दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीसाठी फलाटावर बसलेली कुटुंबे पाहिली. पोत्यात भांडी, कडेवर मूल, घराला कुलूप. बँकेत अशा घराच्या खात्यावर आम्ही ‘ऋणको गावी नाही’ असा शेरा मारत असू. त्या शेऱ्यामागचे फलाट इथे दिसले.

पैसा आला नाही असे नाही. २००९ मध्ये केंद्राने ७,२६६ कोटींचे पॅकेज मंजूर केले. विहिरी, बंधारे, बाजार समित्यांची आवारे झाली. आता केन-बेतवा जोडप्रकल्प. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेला खर्च ४४,६०५ कोटी, पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ ला खजुराहोत. पन्नाच्या व्याघ्रप्रकल्पातच दौधनला ७७ मीटर उंच धरण, तेथून २२१ किलोमीटरचा कालवा. सुमारे साडेदहा लाख हेक्टर भिजेल आणि ६२ लाख लोकांना प्यायला पाणी मिळेल, असे सरकार सांगते. पन्नाच्या बाजूला आम्ही एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. एक तरुण म्हणाला, ‘‘पाणी आले तर मी परत येईन.’’ शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘‘तुला पाणी येईल, माझे गाव जाईल.’’ दोघेही खरेच बोलत होते. २००९ मध्ये याच जंगलात एकही वाघ उरला नव्हता; बाहेरून आणून पुन्हा वसवलेल्या वाघांचे घरही त्या पाण्याखाली जाणार आहे.

त्याच आठवड्यात बांदा जिल्ह्यातले जखनी पाहिले. उमाशंकर पांडे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती इथल्या कामासाठी. काम सांगायला एक ओळ पुरते: शेताला बांध घालायचा, बांधावर झाड लावायचे, पावसाचे पाणी शेतातच थांबवायचे. विहिरींना पाणी आले, कोरड्या गावात भात पिकू लागला. मी सवयीने विचारले, ‘‘कर्ज कुठून घेतले?’’ एक शेतकरी म्हणाला, ‘‘फावडे घरचेच होते.’’

शेवटचा मुक्काम सागरला होता. गावाच्या मधोमध तळे आणि काठावर किल्ला, ज्यात आज पोलीस अकादमी आहे. रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर, तेच गोविंदपंत, यांनी इथे ठाणे मांडले. बुंदेलखंड आणि अंतर्वेदीची वसुली त्यांच्याकडे होती. पानिपताच्या वेळी भाऊसाहेबांच्या पत्रांतून पैशाचा लकडा चालू होता; डिसेंबर १७६० मध्ये त्याच धामधुमीत त्यांचे शीर गेले. मुख्य कचेरीचा तगादा म्हणजे काय ते मला ठाऊक असल्याने या माणसाविषयी मला नेहमीच जिव्हाळा वाटत आला आहे. सागरच्या एका जुन्या मराठी घरी आजींनी आम्हाला पुरणपोळी वाढली आणि ‘‘संकोच नोको करू, बिटिया,’’ असे पत्नीला अर्ध्या मराठीत, अर्ध्या बुंदेलीत बजावले. मी विचारले, मराठ्यांची इथे खूण काय राहिली? आजी म्हणाल्या, ‘‘वाडे होते, देवळे आहेत, आम्ही आहोत.’’ थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘तळे आमचे नाही हो. ते लाखा बंजाऱ्याचे.’’

हे वाक्य मला परतीच्या सगळ्या प्रवासात पुरले. चंदेलांनंतर या मुलखात जो आला तो बहुतेक वसुलीसाठी आला. आपण चौथाई आणि सारा नेला. इंग्रजांनी आरंभी सारा इतका चढा लावला की पुढे तो त्यांनाच उतरवावा लागला आणि १८८२ मध्ये झाशीच्या कर्जबाजारी जमीनदारांसाठी खास कायदा करावा लागला. आज दिल्ली इथली माणसे नेते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेव एकदाच ठेवली गेली, नंतर सगळ्यांनी काढतच नेले; आणि तरीही ती हजार वर्षांची ठेव अजून व्याज देते आहे.

बुंदेलखंड पाहायचा तर पाऊस संपल्यावर जा. ओरछा, खजुराहो जरूर पाहा, पण एक दिवस महोब्याच्या तळ्यांसाठी राखून ठेवा. आणि परत आल्यावर आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मामा तलावही बघा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले ते तलावही गाळ काढणाऱ्या हातांची वाट पाहत आहेत. तिथे जायला तर दिल्लीची गाडीही लागत नाही.