शांत गाव, भरलेलं घर

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी भोर-वेल्ह्यातली मुलं-मुली लॅपटॉप घेऊन गावी राहिली. बरेचजण पुढे पुण्याला परतले, काहींचं काम अजूनही आठवड्यातले काही दिवस गावच्या घरातूनच चालतं. त्यांच्याविषयी दोन मतं ऐकू येतात. एक, घरी बसून कुठे काम होतं? दुसरं, गावची हवा आणि शांतता मिळाल्यावर काम दुप्पट व्हायला हवं. ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण चूक दोन्हीकडे एकच आहे: काम किती होणार हे जागा ठरवते, असं दोघंही धरून चालतात. प्रत्यक्षात त्या जागेत कामाचे तास कुणाच्या मालकीचे आहेत, यावर सगळं ठरतं.

यासाठी दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. शांघायच्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीत स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2010 च्या अखेरीपासून नऊ महिने कॉल सेंटरचे काही कर्मचारी घरी बसवले. घरी कोण आणि कार्यालयात कोण, हे जन्मतारीख सम की विषम यावर ठरलं. घरच्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. हा आकडा ‘घरून काम उत्तम’ म्हणणारे नेहमी सांगतात. मात्र या प्रयोगात भाग घ्यायला घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड असणं ही अट होती, ते सांगायचं राहून जातं. दुसरा प्रयोग आपल्या जवळचा, चेन्नईतला. डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एन्ट्रीचं काम करणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं घरी किंवा कार्यालयात वाटलं. तिथे घरी बसणाऱ्यांचं काम 18 टक्क्यांनी कमी भरलं. त्याहून बोलका निष्कर्ष असा की ज्यांनी घरून काम करण्याची इच्छा दाखवली होती, त्यांचंच काम घरी जास्त घसरलं. संशोधकांच्या मते याचं कारण काही अंशी घरच्या जबाबदाऱ्यांत आहे. ज्यांच्यावर मुलांचा किंवा इतर कुणाच्या देखभालीचा भार असतो, त्यांना घराबाहेर पडणंच अवघड असतं, म्हणून ते घर निवडतात. आळशी माणसं घरून काम मागतात, हा समज इथे कोसळतो. अडकलेली माणसं ते मागतात.

आता गावच्या शांततेकडे वळू. तोरण्याच्या किंवा राजगडाच्या पायथ्याचं गाव पुण्याच्या मानाने शांत आहे यात शंका नाही, पण कामाला लागणारी शांतता निराळी. पत्र्याच्या घरात जुलैचा पाऊस कोसळू लागला की मीटिंगमध्ये समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये 1403 मीटर उंचीचा तोरणा किंवा नुसती एखादी सोंड आली, की टॉवर जवळ असूनही रेंज जाते. त्यात पत्रा लहरी अडवतो, म्हणून माजघरापेक्षा पडवीत फोन बरा चालतो. इन्व्हर्टर घेतला की प्रश्न मिटला, हाही अर्धाच हिशेब आहे. बारा व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरली तरी साधारण 900 वॉट-अवर मिळतात. लॅपटॉप आणि राउटर मिळून 75 वॉट धरले, तर इन्व्हर्टरमधली गळती वजा जाता दहा तास सहज निघतात. म्हणजे घरची वीज हा सुटण्यासारखा प्रश्न आहे. न सुटणारा प्रश्न घराबाहेर असतो: टॉवरची बॅटरी संपते, खांबावरून आलेली केबल झाड पडून तुटते. तेव्हा पैसा खर्च करायचाच, तर मोठ्या बॅटरीपेक्षा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर आधी करावा. आणि कॅमेरा बंद ठेवण्यात कमीपणा मानू नये. नुसत्या आवाजाला व्हिडिओच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो.

पण रेंजपेक्षा अवघड भाग घरातच आहे. गावच्या घरात ‘घरी आहे’ याचा अर्थ ‘मोकळा आहे’ असाच घेतला जातो. धारेची वेळ होते, पाहुणा येतो, आजीला भोरच्या दवाखान्यात न्यायचं असतं. ही कामं फालतू नाहीत, घर त्यांच्यावरच चालतं. मात्र ती सगळ्यांवर सारखी पडत नाहीत. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88. लॅपटॉप घेऊन बसलेल्या सुनेला ‘बसल्या बसल्या एवढा भात लाव’ असं सांगितलं जातं, मुलाला सहसा सांगितलं जात नाही. म्हणून ‘घरून काम बायकांसाठी सोयीचं’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. त्यातली सोय घराची होते आणि बाईच्या वाट्याला दोन पाळ्या येतात. यावर आक्षेप येतो की आपल्या घरांत वेगळी खोली कुठून आणायची? तो खरा आहे. पण बंद दाराचं काम बरंचसं ठरलेली वेळ करू शकते. दहा ते एक कुणी हाक मारायची नाही आणि त्या वेळात भाताचा कुकर दुसऱ्या कुणी लावायचा, एवढं घरातल्या मोठ्यांनी सर्वांसमोर सांगितलं, तर पडवीचा कोपराही पुरतो. एकट्या सुनेने ते मागितलं तर उद्धटपणा ठरतो, सासऱ्यांनी जाहीर केलं तर घराचा नियम होतो. त्यामुळे पहिली जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे.

दुसरी जबाबदारी कंपनीची. ‘प्रवास वाचला, तेवढं जास्त काम करा’ हा तर्क साधा वाटतो, पण टाळेबंदीच्या काळात 16 शहरांतल्या सुमारे तीस लाख लोकांच्या ईमेल आणि मीटिंगच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कामाचा दिवस सरासरी 48.5 मिनिटांनी लांबलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अभ्यासाप्रमाणे आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. स्वतःला शिस्त असली की पुरे, असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं: रात्री दहाला आलेल्या वरिष्ठांच्या फोनपुढे शिस्त काय करणार? फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे तसं खासगी विधेयक 2018 च्या अखेरीस लोकसभेत मांडलं गेलं. ते मांडणाऱ्या सुप्रिया सुळे यांच्या बारामती मतदारसंघातच भोर आणि वेल्हे येतात. त्याचा कायदा झाला नाही. तोवर कामाचे तास लेखी ठरवून घेणं एवढंच हाती उरतं.

आणि लावणीचं काय? त्या दिवसांत घरातला एक माणूस स्क्रीनपुढे आणि बाकीचे चिखलात, हे कुणालाच धड जमत नाही. पण लावणी अचानक येत नाही. रोपं 21 ते 25 दिवसांची झाली की ती लावायला येतात. म्हणजे वाफ्यात भात टाकलं त्याच दिवशी लावणीचा आठवडा जवळपास कळलेला असतो, आणि रजेचा अर्ज त्याच संध्याकाळी पाठवता येतो.