नागरी भागातील खंदकविरहित बांधकाम आणि वेळेचे निर्बंध

संपूर्ण रस्ता न उकरता जमिनीखालून मलवाहिनी, जलवाहिनी किंवा केबल टाकण्याच्या पद्धतींना खंदकविरहित, प्रचलित भाषेत ‘ट्रेंचलेस’, तंत्र म्हणतात. रस्ता शाबूत राहत असल्याने अशा कामाचा शेजाऱ्यांना उपद्रव होत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. उपद्रव नाहीसा होत नाही. रस्त्याच्या लांबीवर पसरण्याऐवजी तो शाफ्टच्या तोंडाशी एकवटतो. मायक्रोटनेलिंगमध्ये जमिनीखालील यंत्राचा आवाज सहसा वर जाणवत नाही. मात्र शाफ्टजवळची क्रेन, जनरेटर, पंप आणि गाळ वेगळा करणाऱ्या कंपनशील चाळण्या यांचा आवाज काम चालेपर्यंत थांबत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. २०१० च्या दुरुस्तीने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत या दोन्ही क्षेत्रांत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालविण्यास मनाई केली. मुंबई मेट्रो मार्गिका ३ चे भुयार आकाराने कितीतरी मोठे. पण तेथेही प्रश्न हाच होता. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कफ परेड परिसरातील रात्रीचे काम थांबविले होते.

अडचण अशी की, जमीन घड्याळ पाळत नाही. नळ्यांची मालिका रात्रभर स्थिर राहिली की भोवतालची माती ती आवळते, वंगण म्हणून सोडलेले बेंटोनाइट घट्ट होते आणि सकाळी पहिल्या ढकलीस आदल्या संध्याकाळपेक्षा अधिक जोर लागतो. चिकणमातीत हा फरक जॅकची क्षमता ओलांडण्याइतका वाढू शकतो. म्हणून मध्यवर्ती जॅकिंग केंद्रांची तरतूद आराखड्यातच करावी लागते.

नियोजकाने प्रथम थांबविता येणारे व न येणारे टप्पे वेगळे करणे आवश्यक ठरते. प्रत्येक नळी जोडताना मायक्रोटनेलिंग तसेही थांबते. दिवसाचा शेवट तेथे आणता येतो. क्षैतिज दिशादर्शी छिद्रणात मात्र वाहिनी ओढण्यास सुरुवात झाली की मध्येच थांबणे धोक्याचे, कारण छिद्र ढासळू शकते. ही ओढ पहाटे सहानंतर सुरू होऊन रात्री दहाच्या आत संपेल, इतकीच लांबी निवडावी लागते. जुन्या मलवाहिनीत राळेचे अस्तर बसविण्याच्या पद्धतीत, जिचा पहिला वापर १९७१ मध्ये लंडनमध्ये झाला, पेच उलटा आहे. सांडपाण्याचा प्रवाह मध्यरात्रीनंतर सर्वांत कमी, म्हणून काम रात्रीच सोयीचे. परंतु बॉयलरचा आवाज आणि स्टायरीनचा उग्र वास नेमका झोपेच्या वेळी घरांत शिरतो. अस्तर आत सोडल्यावर राळ कडक होईपर्यंत काम थांबविताही येत नाही. अशा ठिकाणी प्रवाह पंपाने तात्पुरता वळवून दिवसा काम करणे खर्चिक असले, तरी तोच मार्ग उरतो.

शाफ्टची जागा हा खरा निर्णय होय. रुग्णालयाच्या भिंतीलगतचा शाफ्ट काही दशके मीटर पुढे सरकविल्याने जे साधते, ते ध्वनिरोधक पडद्यांनी क्वचितच साधते. महाविद्यालयाजवळ परीक्षांचे वेळापत्रकही हाताशी असावे. निविदेत केवळ दिवस मोजले, तर २४ तासांचे काम १६ तासांवर आल्यावर उत्पादन एक-तृतीयांशाहून अधिक घटते. रोजची पुनर्सुरुवात उरलेल्या वेळातून वजा होते आणि तो भार कोणी उचलायचा, हा वाद शाफ्ट खोदल्यानंतर सुरू होतो.