मांचुरियाच्या अरण्यातील निष्ठा आणि फितुरी

जपान आणि चीन यांच्यातील युद्धाचा आरंभ सामान्यतः १९३७ सालापासून मोजला जातो. परंतु चीनच्या ईशान्येकडील तीन प्रांतांपुरते बोलायचे, तर तेथील लोकांनी तोपर्यंत परकी अंमलाखाली सहा वर्षे काढलेली होती. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकडेन शहराजवळ जपानी मालकीच्या लोहमार्गावर एक लहानसा स्फोट झाला. तो जपानच्या क्वांटुंग सेनेतील अधिकाऱ्यांनीच घडवून आणला होता. त्याचे निमित्त करून या सेनेने काही महिन्यांतच मांचुरियाचा बहुतेक भाग व्यापला आणि १ मार्च १९३२ रोजी ‘मांचुकुओ’ नावाचे नवे राज्य उभे केले. चीनचा पदच्युत सम्राट पू-यी याला त्याच्या प्रमुखपदी बसविण्यात आले. खरी सत्ता अर्थातच जपानी अधिकाऱ्यांच्या हाती होती.

या राज्याविरुद्ध जे लढले त्यांचा इतिहास पराक्रमाचा आहे, तसाच तो पक्षांतरांचाही आहे. जो लढला तो पुढे शरण गेला, जो शरण गेला त्याने पुन्हा शस्त्र उचलले, अशी उदाहरणे त्यात पदोपदी आढळतात. ती केवळ भित्रेपणाची किंवा लोभाची म्हणून बाजूला सारली, तर त्या लढ्याचे स्वरूपच आपल्याला कळणार नाही.

मा चान-शान याचेच उदाहरण घ्या. ईशान्येची मुख्य सेना फारसा प्रतिकार न करता महाभिंतीच्या दक्षिणेस निघून गेली होती. अशा वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, हैलुंगच्यांग प्रांताच्या या हंगामी राज्यपालाने नोन्नी नदीच्या पुलाजवळ जपानी सैन्याला अडविले. हरण्याचीच ती लढाई होती आणि दोन-तीन आठवड्यांत त्याला माघार घ्यावी लागली. पण कोणीतरी लढले, या एका गोष्टीने सारा चीन हर्षभरित झाला. देशभरातून देणग्या आल्या. शांघायमध्ये तर त्याच्या नावाच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये हाच मा जपान्यांना जाऊन मिळाला! नव्या राज्याचे युद्धमंत्रिपद आणि प्रांताचे राज्यपालपद त्याने स्वीकारले. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते तेच त्याला देशद्रोही म्हणू लागले. मात्र एप्रिलच्या आरंभी तो राजधानी त्सित्सिहारहून निसटला आणि रशियन सरहद्दीवरील हैहो येथे पोहोचला. जाताना त्याने पैसा आणि युद्धसामग्री बरोबर नेली होती. तेथून त्याने पुन्हा युद्ध पुकारले. त्या उन्हाळ्यात तो ठार झाल्याचे जपान्यांनी जाहीरही केले. पण तो जिवंत होता आणि वर्षअखेर सोव्हिएत हद्दीत निघून गेला.

पहिल्यापासूनच हा त्याचा कावा होता काय? पुढे त्याने तसेच सांगितले. आपल्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. चीनमधील लष्करी सरदारांच्या राजकारणात शत्रूशी तात्पुरता समेट करून सैन्य शाबूत राखणे ही नित्याची चाल होती. सैन्य गेले की सरदार संपला. मा याने जुन्या काळचाच हिशेब मांडला. परंतु जपान हा काही शेजारच्या प्रांतातील प्रतिस्पर्धी सरदार नव्हता, हे कळायला त्याला काही आठवडे लागले असावेत.

१९३२ साली जी स्वयंसेवक पथके ठिकठिकाणी उभी राहिली, त्यांतही नाना तऱ्हेची माणसे होती. जुन्या सेनेचे सैनिक, गुप्त पंथांचे अनुयायी आणि ज्यांना तिकडे ‘लाल दाढीवाले’ म्हणतात ते दरोडेखोर, असे सारे एकत्र आले होते. त्यांची एकूण संख्या तीन लाखांच्या घरात सांगितली जाते. त्यांची निष्ठा बहुधा आपल्या नायकाशी असे. नायक फिरला की पथकही फिरे. हारबिनच्या रक्षणासाठी लढलेला तिंग चाओ पुढल्याच वर्षी शरण गेला आणि मांचुकुओच्या सेवेत उच्चपदाला चढला. उलट दिशेनेही हे चालू असे. मांचुकुओच्या सैन्यातील तुकड्या बंड करून गनिमांना मिळत, आणि ज्यांना तेवढे धाडस नसे ते गुपचूप काडतुसे विकत.

ही पथके मोडल्यानंतर लढा मुख्यतः कम्युनिस्ट गनिमांच्या हाती आला. १९३६ साली त्यांनी इतर पथकांसह ‘ईशान्य जपानविरोधी संयुक्त सेना’ संघटित केली. ऐन भरात असताना तिची संख्या सुमारे तीस हजार होती. नायकाशी नव्हे, तर ध्येयाशी निष्ठा, हे तिचे ब्रीद. तथापि फितुरीची भीती तिलाही पोखरत होती. कोरियाच्या सीमेलगतच्या च्येनताओ भागात पक्षाचे बहुसंख्य सभासद कोरियन होते. फेब्रुवारी १९३२ मध्ये तेथे ‘मिन्सेंगदान’ नावाची एक जपानधार्जिणी कोरियन संघटना निघाली आणि काही महिन्यांतच विसर्जित झाली. पण तिचे हेर आपल्यात शिरले आहेत या संशयाने पक्षाने पुढे तीन-चार वर्षे स्वतःच्याच कोरियन कार्यकर्त्यांना पकडून मारले. मृतांची संख्या किमान पाचशे होती असे मानतात. पुढे उत्तर कोरियाचा सर्वेसर्वा झालेला किम इल-सुंग हाही त्या संशयाच्या फेऱ्यात सापडला होता. शत्रूने न मारलेली माणसे स्वकीयांनी मारली. शिवाय ज्यांच्यावर संशय होता त्यांतले काही केवळ जीव वाचविण्यासाठी खरोखरच शत्रूकडे पळाले.

जपान्यांनी योजलेला उपाय मात्र थंड डोक्याचा होता. गनीम जंगलात राहतो, पण त्याचे अन्न गावात पिकते. तेव्हा गाव आणि जंगल यांची ताटातूट केली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. विखुरलेली घरे जाळून शेतकऱ्यांना तटबंदीच्या ‘सामूहिक वसाहतीं’मध्ये कोंडण्यात आले. तटाच्या कोपऱ्यांवर टेहळणीचे बुरूज असत आणि दरवाजे सूर्यास्ताला बंद होत. धान्य मोजून मिळे व ते बाहेर नेणे हा गुन्हा असे. १९३८ सालापर्यंत अशा वसाहतींची संख्या दहा हजारांवर गेली होती. याच्या जोडीला ‘पाओ-च्या’ ही जुनी पद्धत नव्याने लागू झाली. दहा कुटुंबांचा एक गट करावयाचा, आणि एकाने गनिमाला भाकरतुकडा दिला तर दंड साऱ्या गटाला. अशा स्थितीत मनाने गनिमांच्या बाजूचा असलेला शेतकरीही शेजाऱ्यांकडे पाहून गप्प बसे.

यामुळे गनिमांना अरण्यात लपविलेल्या कोठारांवरच अवलंबून राहावे लागले. दक्षिणेकडील पहिल्या विभागाचा सेनापती यांग चिंग-यू याने गर्द झाडीत धान्य, कपडे व औषधे साठविण्यासाठी गुप्त तळ उभारले होते. ते कोठे आहेत हे थोड्यांनाच ठाऊक होते. त्या थोड्यांपैकी एक होता छंग पिन. तो यांगचा विश्वासू सहकारी आणि पहिल्या डिव्हिजनचा प्रमुख होता. १९३८ च्या उन्हाळ्यात शंभराहून अधिक माणसांसह तो शरण गेला. त्याच्या आईला आणि भावाला जपान्यांनी ओलीस धरले होते, असे चिनी वृत्तांत सांगतात. शरण गेलेल्याला नुसते सोडून द्यायचे नाही, त्याच्याच हाती पाठलागाचे पथक द्यायचे, ही जपानी पोलिसांची रीत होती. छंग पिनला वाटा ठाऊक होत्या, सवयी ठाऊक होत्या. एकामागून एक तळ उद्ध्वस्त होत गेले.

१९४० च्या फेब्रुवारीत मंगच्यांग परगण्याच्या बर्फाळ रानात यांग अखेर एकटा उरला. त्याच्या एका अंगरक्षकानेही पैसे व पिस्तुले घेऊन शत्रूचा रस्ता धरला होता. रानात भेटलेल्या काही लाकूडतोड्यांना यांगने पैसे देऊन खाणे आणि जोडे आणावयास सांगितले. शरण जा, आता ते मारत नाहीत, असा सल्ला त्यांतल्या एकाने दिला; यांगने तो नाकारला. गावात परतल्यावर त्यांच्याकडून खबर फुटली. खबर न देणाऱ्याचे काय होते हे त्यांना ठाऊक होते, हे विसरता येत नाही. २३ फेब्रुवारीस यांगला वेढून ठार मारण्यात आले. तो पस्तीस वर्षांचा होता. अखेरची गोळी झाडणाराही पूर्वी त्याच्याच सैन्यातला होता, असे म्हणतात. इतके दिवस हा माणूस कशावर जगला याचे जपान्यांना कुतूहल होते, म्हणून त्यांनी त्याचे पोट चिरून पाहिले. आत झाडाची साल, गवताची मुळे आणि कोटातील कापूस निघाला. धान्याचा कण नव्हता.

संयुक्त सेनेचे उरलेसुरले लोक पुढील वर्षभरात सोव्हिएत हद्दीत गेले. यांगचे छिन्न शिर १९४८ साली छांगछुन येथे सापडले, आणि १९५८ साली तुंगह्वा येथे ते त्याच्या देहासह पुरण्यात आले. मंगच्यांग परगण्याला आता त्याचे नाव आहे. छंग पिन राज्यपालटानंतरही काही काळ आपला पूर्वेतिहास लपवून राहिला होता. १९५१ साली त्याला ओळखून देहदंड देण्यात आला.