रॉक संगीत आणि सामाजिक परिवर्तन : ‘प्लास्टिक पीपल’ खटला आणि चार्टर ७७

प्रस्तावना

रॉक संगीताचा समाजावरील परिणाम हा विषय अभ्यासाला घेतला जातो तेव्हा विवेचनाची सुरुवात बहुधा गीतांच्या आशयापासून होते. अमेरिकेतील नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम युद्धाला झालेला विरोध, ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सव आणि अखेरीस या संगीताने तरुण पिढीला जागे केले हा निष्कर्ष, अशी ही ठरलेली वाट आहे. या वाटेवर एक अडचण आहे. गीतात बंडाचा सूर होता हे खरे आणि समाजात बदल झाला हेही खरे. मात्र पहिल्यामुळे दुसरे घडले हे दाखविणारा दुवा सहसा पुढे ठेवला जात नाही. प्रस्तुत लेखात चेकोस्लोव्हाकियातील ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या रॉक बँडचा विचार केला आहे. येथे हा दुवा टप्प्याटप्प्याने दाखविता येतो. विशेष म्हणजे या बँडच्या गीतांत राजकीय संदेश जवळजवळ नव्हताच.

‘सामान्यीकरण’ आणि परवाना

१९६८ च्या आरंभी अलेक्झांडर दुबचेक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुधारणांचा प्रयोग २०-२१ ऑगस्टच्या रात्री वॉर्सा करारातील राष्ट्रांच्या सैन्याने संपविला. पुढच्याच महिन्यात प्रागमध्ये मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या तरुणाने मित्रांसह हा बँड स्थापन केला. बँडचे नाव अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा यांच्या एका गीतावरून घेतलेले होते, तर वादनाचा आदर्श न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’चा होता. आक्रमणाचा निषेध हा बँडच्या स्थापनेमागील हेतू नव्हता. आवडते संगीत आवडेल तसे वाजवावे, एवढीच या मुलांची इच्छा होती.

एप्रिल १९६९ मध्ये गुस्ताव हुसाक पक्षप्रमुख झाले आणि ‘सामान्यीकरण’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या नावाचे पर्व सुरू झाले. संगीतावर सरसकट बंदी घालण्याची शासनाला गरजच नव्हती. सार्वजनिक कार्यक्रमासाठी व मानधनासाठी व्यावसायिक दर्जा आवश्यक होता आणि तो देणे वा काढून घेणे शासकीय यंत्रणेच्या हाती होते. केस कापा, इंग्रजी नाव बदला, गीतांची निवड सुधारा, अशा स्वरूपाच्या या मागण्या होत्या. त्या एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात, आणि अनेक बँडनी त्या मान्यही केल्या. ‘प्लास्टिक पीपल’ने नकार दिला. १९७० मध्ये त्यांचा दर्जा गेला आणि त्याबरोबर सरकारी मालकीची वाद्येही गेली. त्यानंतर जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून ध्वनिवर्धक तयार करण्यात आले.

या काळात बँडला वैचारिक बैठक दिली ती कलासमीक्षक इव्हान मार्टिन यिरोउस यांनी. कलावंतांच्या अधिकृत संघटनेचे सदस्य या नात्याने व्याख्यान देण्याची मुभा त्यांना होती. तिचा उपयोग करून त्यांनी अँडी वॉरहॉल या चित्रकारावर सचित्र व्याख्याने योजिली, आणि ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’चा वॉरहॉलशी संबंध असल्याने व्याख्यानातील प्रात्यक्षिक म्हणून बँडने त्यांची गीते वाजविली. परिसंवाद व कार्यशाळांच्या परवानग्यांसाठी धडपडणाऱ्या प्राध्यापकवर्गाला या युक्तीचे मर्म वेगळे सांगावयास नको. पुढे हा मार्गही बंद झाला. मग मित्रांची लग्ने हेच मैफलींचे निमित्त ठरू लागले.

‘दुसरी संस्कृती’

सुरुवातीची गीते बरीचशी इंग्रजीत होती. काही काळ पॉल विल्सन हा प्रागमध्ये इंग्रजी शिकविणारा कॅनेडियन तरुण बँडचा गायक होता. यिरोउस यांच्या प्रभावामुळे बँड चेक भाषेकडे वळला आणि एगॉन बाँडी या अप्रकाशित राहिलेल्या कवीच्या रचनांना चाली लावल्या गेल्या. या रचनांचे विषय देहधर्म, कंटाळा, दारू आणि रोजच्या जगण्यातील विसंगती हे होते. त्यांत पक्षावर टीका शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्से शहराजवळील रुडॉल्फोव येथे मैफलीसाठी जमलेल्या तरुणांना पोलिसांनी मारहाण करून हुसकावून लावले; काही विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. पुढील वर्षी यिरोउस यांनी एका निबंधात ‘दुसरी संस्कृती’ ही संकल्पना मांडली. पाश्चात्त्य देशांतील प्रतिसंस्कृती प्रस्थापित संस्कृतीशी झगडते आणि यशस्वी झाली की तिच्याच बाजारपेठेत विसावते, हे त्यांच्या लक्षात आले होते. चेकोस्लोव्हाकियात असे विसावणे शक्यच नव्हते. म्हणून अधिकृत व्यवस्थेकडून मान्यता, प्रसिद्धी वा पैसा यांपैकी कशाचीही अपेक्षा न धरणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली संस्कृती त्यांना अभिप्रेत होती. त्यामागे परिवर्तनाचा कार्यक्रम नव्हता. तरीही शासनाला ती सहन झाली नाही, कारण जो काहीच मागत नाही त्याला काही नाकारून वठणीवर आणता येत नाही.

खटला

मार्च १९७६ मध्ये बँडच्या वर्तुळातील अनेकांना अटक झाली. त्याच वर्षाच्या आरंभी नाटककार व्हात्स्लाव हावेल यांची यिरोउस यांच्याशी भेट झाली होती आणि त्यांनी या बँडच्या ध्वनिफिती ऐकल्या होत्या. ही भेट निर्णायक ठरली. १९६८ च्या सुधारणावादी साम्यवाद्यांना लांब केसांच्या या मुलांविषयी आस्था नव्हती, आणि मुलांनाही पराभूत राजकारण्यांशी कर्तव्य नव्हते. बंदी घातलेले लेखक, अध्यापनातून दूर केलेले तत्त्वज्ञ आणि धर्मोपदेशक ही आणखी निराळी वर्तुळे होती. ती सर्व एकमेकांपासून तुटलेली असणे यातच शासनाची सोय होती.

ऑगस्ट १९७६ मध्ये कवी यारोस्लाव सायफर्ट, तत्त्वज्ञ यान पातोच्का, हावेल आदींनी जर्मन कादंबरीकार हाइनरिश ब्योल यांना खुले पत्र लिहून या संगीतकारांसाठी पाठिंबा मागितला. सप्टेंबरमध्ये प्रागमध्ये खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता, तर सार्वजनिक शांततेचा भंग केल्याचा होता. यिरोउस यांना १८ महिने, ‘डीजी ३०७’ या दुसऱ्या गटाचे पावेल झायीचेक यांना १२ महिने आणि सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स व गायक-धर्मोपदेशक स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी ८ महिन्यांची शिक्षा झाली. न्यायालयाच्या आवारात जमलेल्या निरनिराळ्या वर्तुळांतील लोकांमध्ये त्या दिवसांत जी जवळीक निर्माण झाली, तिचे वर्णन हावेल यांनी या खटल्यावरील निबंधात केले आहे. पकडलेले लोक राजकीय विरोधक असते तर तो सत्तास्पर्धेतील दोन पक्षांचा व्यवहार मानून इतरांना बाजूला राहता आले असते. येथे शिक्षा झाली ती स्वतःच्या पद्धतीने जगण्याला. त्यामुळे बाजूला राहणाऱ्यांचीही जागा धोक्यात आली.

चार्टर ७७

या एकत्र आलेल्या लोकांतूनच १ जानेवारी १९७७ ही तारीख असलेला ‘चार्टर ७७’ हा जाहीरनामा निघाला. चेकोस्लोव्हाकियाने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता आणि तो १९७६ मध्ये तेथे अमलात आला होता. शासनाने स्वतःच मान्य केलेले हक्क पाळावेत, एवढीच चार्टरची मागणी होती. तरुण संगीतकारांवरील खटल्यांचा उल्लेख त्यात आहे. पातोच्का, हावेल आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक हे त्याचे पहिले प्रवक्ते झाले. प्रदीर्घ पोलीस चौकशीनंतर मार्च १९७७ मध्ये पातोच्का यांचे निधन झाले.

मात्र संगीत केवळ एकाच बाजूला होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. चार्टरच्या निषेधार्थ शासनाने जानेवारी-फेब्रुवारी १९७७ मध्ये कलावंतांचे मेळावे भरविले. लोकप्रिय संगीतक्षेत्रासाठी झालेल्या मेळाव्यात कारेल गॉट यांच्यासारख्या अत्यंत लोकप्रिय गायकाने व्यासपीठावरून भाषण केले. श्रोत्यांच्या संख्येवरून प्रभाव मोजायचा तर गॉट यांच्यापुढे ‘प्लास्टिक पीपल’ नगण्य होते. दीड कोटी लोकसंख्येच्या त्या देशात चार्टरवर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांची संख्या १९८९ पर्यंतही दोन हजारांच्या आत राहिली. साम्यवादी राजवट रॉक संगीताने उलथविली, हे विधान म्हणूनच टिकत नाही. मॉस्कोतील गोर्बाचेव्ह यांचे धोरण आणि शेजारच्या पोलंड, हंगेरी व पूर्व जर्मनीतील घडामोडी वगळून १९८९ चे स्पष्टीकरण देता येत नाही. ‘मखमली क्रांती’ या नावाचा उगम ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’मध्ये शोधणारेही आहेत. तर्क आकर्षक आहे, पण रक्तपाताविना झालेल्या सत्तांतराला मखमलीची उपमा सुचण्यासाठी बँडची गरज नव्हती.

राजवट कोसळली तेव्हा तिची जागा घेऊ शकतील अशी परस्परांवर विश्वास असलेली माणसे मात्र तयार होती, आणि तो विश्वास १९७६ च्या त्या खटल्यापासून बांधला गेला होता. हावेल २९ डिसेंबर १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. ब्राबेनेत्स यांना १९८२ मध्येच देश सोडून कॅनडाला जावे लागले होते. एकूण आठ वर्षांहून अधिक काळ कैदेत काढलेले यिरोउस नोव्हेंबर १९८९ मध्ये क्रांती सुरू झाली त्या दिवशीही तुरुंगातच होते. १९८८ मध्ये विखुरलेला बँड चार्टरच्या विसाव्या वर्षाच्या निमित्ताने, राष्ट्राध्यक्ष हावेल यांच्या सूचनेवरून, १९९७ मध्ये पुन्हा एकत्र आला, आणि ज्यांना एकेकाळी लग्नघर सोडून जागा मिळत नव्हती, त्यांची मैफल प्रागच्या किल्ल्यात झाली.