रुळांवरचा चावीवाला

आगगाडीच्या खिडकीतून रुळांच्या कडेस हातोडा घेऊन उभा असलेला चावीवाला आपण पाहिला असेल. रूळ जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरेस चावी म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आता बहुतेक ठिकाणी पाचरेच्या जागी पोलादी क्लिपा आल्या आहेत. काम मात्र तेच. आपल्या हद्दीतील एक रूळ पाहत जावयाचे व दुसरा पाहत परतावयाचे. ढिले ते ठोकावयाचे, सैल ते आवळावयाचे.

रुळास तडा आढळला, तर मात्र प्रथम दुरुस्ती नव्हे. जागेवर लाल निशाण रोवून, दुसरे दाखवीत तो गाडीच्या दिशेने धावतो. मार्ग एकेरी असल्यास आधी कोणत्या बाजूची गाडी येईल, हे त्यास ठाऊक असावे लागते. रुंदमापी मार्गावर ६०० मीटरांवर एक व १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके तो रुळावर बसवितो. भरधाव गाडी तत्काळ थांबत नाही, म्हणून एवढे अंतर. धुक्यापावसात निशाण दिसत नाही, म्हणून चाकाखाली फुटणारा तो आवाज.

गाडी आडरानात थांबली की आपण कुरकुरतो. त्या वेळी, पुढे कोणी आपल्यासाठी धावत आला असेल, एवढे स्मरावे.