न्हाणीघरातील ज्योत : काही समज आणि वस्तुस्थिती

आमच्या लहानपणी पहाटेच्या आंघोळीची सारी मदार ज्या तांब्याच्या बंबावर असे, तो मागील दारी, पडवीच्या कडेला, उघड्या हवेत उभा असे. त्याच्या पोटातून वर गेलेल्या नळकांड्यातून धूर निघे, डोळ्यांना पाणी येई, आणि जळण ओले असले म्हणजे ढलप्या घालणारा माणूस ठसका लागून आपोआप चार पावले मागे सरके. त्या धुराचा जाच होता यात शंका नाही. परंतु तो धूर एक प्रकारची इत्तलाही देत असे. आज शहरांतील असंख्य घरांत बंबाची जागा गॅस गीझरने घेतली आहे, आणि त्याची निळी ज्योत धूर करीत नाही, डोळ्यांना झोंबत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असा जो समज सर्वत्र रूढ झाला आहे, तोच बाकीच्या समजांचे मूळ असल्यामुळे त्याचा परामर्श प्रथम घेणे मला अगत्याचे वाटते.

लहानसे यंत्र, दहा मिनिटांची आंघोळ, एवढ्याने काय होणार, असे पुष्कळजण म्हणतात. हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर मिनिटाला सुमारे १५ ग्रॅम गॅस जाळावा लागतो, आणि तेवढा गॅस पुरता जळण्यास जवळजवळ २०० लिटर हवा खर्ची पडते. पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा न्हाणीघरात सगळी मिळून साडेसात हजार लिटरच्या आसपास हवा मावते. दाराला कडी घातली, थंडी म्हणून झरोक्यालाही पुठ्ठा लावला, तर त्या कोंडलेल्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरण्यास पाच-सहा मिनिटे पुरतात; आणि तेथून पुढे ज्योतीचे ज्वलन अपुरे होत जाऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढत्या प्रमाणात निर्माण होऊ लागतो.

या वायूला रंग नाही आणि वासही नाही. गळती झाली तर वास येईलच, हा भरवसा शेगडीपुरता खरा आहे; सिलिंडरमधील गॅसला जो उग्र दर्प असतो तो त्यात हेतुपुरस्सर मिसळलेल्या मरकॅप्टन द्रव्याचा असतो, आणि ज्योत पेटली की ते द्रव्यही तिच्यातच जळून जाते. गळती आणि अपुरे ज्वलन ही दोन निरनिराळी संकटे आहेत. नाकाला कळते ती केवळ पहिली. याहून घातक समज असा, की गुदमरल्यासारखे झाले की आपण बाहेर येऊच. श्वास कोंडल्याची जाणीव शरीराला मुख्यत्वे साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. कार्बन मोनॉक्साइड तशी कोणतीही सूचना देत नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने जखडला जातो, ही जखडण्याची क्रिया क्लॉद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दाखवून दिली होती. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. आणि कडी काढावी हे सुचेपर्यंत ती काढण्याची शक्ती उरलेली नसते.

धूर बाहेर नेणाऱ्या नळीवाचून पाणी तापवण्याची ही चूक नवी नाही. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली घरगुती वापराचे पहिले तात्काळ तापक तयार केले आणि आइसलंडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हे नाव दिले, त्यालाही धुराची नळी नव्हती. पंखा लावला की भागले, हा समजही अर्धवट आहे. बाहेरची हवा आत येण्यास खालच्या बाजूला वाट नसेल, तर पंखा केवळ फिरत राहतो, आणि धुराची नळी असलेल्या गीझरच्या बाबतीत तर तो नळीतून निघालेले वायू उलट आत ओढू शकतो.

आता बिघाडांविषयी. गीझर पेटला नाही की यंत्र गेले, असे गृहीत धरून कारागिराला पाचारण करण्याची घाई होते. वस्तुतः तोटी उघडताच पाण्याच्या दाबाने आतील एक रबरी पडदा सरकतो, तो एक बारीक कळ दाबतो, दोन जाड्या सेलांच्या तीन व्होल्टांवर ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. तेव्हा ज्योत आली नाही, तर संशय प्रथम सेलांवर आणि पाण्यावर घ्यावा. गच्चीवरील टाकी अगदी डोक्यावर असलेल्या शेवटच्या मजल्यावर हा दाब मुळातच तुटपुंजा असतो. माझ्या थोरल्या भावाच्या घरी दोन हिवाळे गीझर असाच अडत होता आणि दोघा कारागिरांनी आतले भागही बदलले होते. तिसऱ्याने मात्र पाण्याची जोडणी सोडवून तिच्या तोंडाशी बसवलेली, आठ आण्याच्या नाण्याएवढी जाळी काढून वहिनींच्या तळहातावर ठेवली. तीत तांबूस गाळ, टाकीतील सिमेंटचे कण आणि नळजोडणीच्या पांढऱ्या टेपचा एक वळलेला तुकडा होता. दात घासायच्या जुन्या ब्रशाने ती दोन मिनिटांत स्वच्छ झाली, आणि गीझर त्याच सकाळी पेटला.

सेल पुरते संपेपर्यंत चालवणे ही काटकसर नव्हे. सेल उतरले की ठिणगी क्षीण होते, टक्‌टक्‌ लांबते, तेवढ्या अवकाशात गॅस साठतो आणि मग भक्कन भडका होतो. तसे झाल्यास तोटी व रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून, सेल बदलल्यावाचून पुन्हा प्रयत्न करू नये.

पिवळी ज्योत अधिक प्रखर, ही समजूतही उलटी आहे. पिवळेपणा म्हणजे हवेच्या अभावी न जळालेला कोळसा. बर्नरच्या छिद्रांत धूळ बसलेली असते, कधी कोळ्याने जाळे विणलेले असते. तीच काजळी वरच्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये साचली, की जळलेल्या वायूंची वाटच बुजते. अशा गीझरवर साफसफाई होईपर्यंत एकही आंघोळ करू नये. सिलिंडरवरचा गीझर पाइपच्या गॅसवर जसाच्या तसा जोडण्याची मुभा नाही. दोन्ही वायूंचा दाब आणि उष्णता भिन्न असल्याने नोझलही भिन्न लागते. बोअरचे पाणी असेल तर ज्योत कमाल ठेवून मागाहून गार पाणी मिसळण्याची सवय सोडावी, कारण पाणी जितके अधिक तापेल तितके क्षार नळीत अधिक धरतात. ज्योतच मंद करावी.

न्हाणीघरात कोणी कोसळलेले आढळल्यास फिट आली म्हणून कांदा हुंगवीत बसणे, यात मोलाचा वेळ जातो. माणसाला प्रथम मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, आणि रुग्णालयात पोहोचताच गीझर चालू होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. आपल्याकडील वैद्यकीय नियतकालिकांत ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने असे रुग्ण नोंदले गेले आहेत. घरोघरी असलेल्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबता येत नाही, कारण विषवायूने जखडलेले रक्त त्या उपकरणाला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८ दिसत राहतो. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तासा-दीड तासात तेवढे काम होते.

राहता राहिली गीझरच्या जागेची तजवीज. तो गॅलरीत, पावसाचे झोत लागणार नाहीत अशा भिंतीवर बसवावा आणि पाण्याचा नळ तेवढा आत न्यावा, असे सुचवले की पाणी वाटेतच गार होईल आणि वाया जाईल, अशी तक्रार येते. अर्ध्या इंची नळीच्या पाच मीटर लांबीत जेमतेम एक लिटर पाणी मावते. ते पहिले एक लिटर बादलीत पडू द्यावे, मागून येणारे कढत पाणी त्यात मिसळतेच.