पटावरचे रुग्ण आणि पटाबाहेरचे

वस्ती आधी आणि दवाखाना मागाहून, हा क्रम खाणींच्या गावांत सर्रास आढळतो. अमेरिकेतील लेडव्हिल येथे १८७९ मध्ये ख्रिस्ती धर्मभगिनींनी रुग्णालय उघडले, तेव्हा चांदीच्या ओढीने आलेल्या माणसांची तेथे आधीच दाटी झालेली होती. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात खाणी नसल्या, तरी वस्ती अशीच एकाएकी वाढली.

दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे १ लाख सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले. निर्वासित म्हणून नोंदलेल्यांचा भार सरकारने स्वीकारला होता, म्हणजेच मदतीचा हक्क आजारावरून नव्हे, तर नोंदीवरून ठरत होता. हेच तत्त्व पुढे कारखान्यांतही दिसते.

अंबरनाथला काड्यापेट्या करणारी 'विमको' १९२०च्या दशकात आली. काड्यापेटीच्या धंद्यातील सर्वांत भयंकर रोग, म्हणजे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने जबड्याचे हाड कुजणे, तोवर मागे पडू लागला होता, कारण भारतात १९१३ च्या कायद्यानेच अशा काड्यांवर बंदी आली होती. कामगाराला उपचारापेक्षा बंदीच अधिक तारते, याचे हे ठळक उदाहरण होय. उपचारांची व्यवस्था १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने केली. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या योजनेत औषधोपचारांबरोबरच आजारपणातील बुडालेल्या मजुरीचा काही भाग रोख मिळतो, आणि गरिबाच्या दृष्टीने ही दुसरी तरतूद पहिलीइतकीच मोलाची आहे. सध्या मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगाराची ०.७५ टक्के आहे. मात्र ज्याचे नाव मालकाने नोंदवलेच नाही, त्या कंत्राटी मजुराला किंवा घरी बसून जीन्स शिवणाऱ्या बाईला योजनेचा लाभ सहसा मिळत नाही.

अशांसाठी उरते ते उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, जेथे अंबरनाथ-बदलापूरचेही रुग्ण येतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने काठावरील शेकडो रहिवाशांना त्रास झाला, तेव्हा रुग्णांची गर्दी तेथेच लोटली. ज्या उद्योगाचा विषारी अंश त्यांच्या श्वासात गेला, त्याच्या हजेरीपटावर असण्याचा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. उपचारांचा खर्च त्यामुळे सार्वजनिक तिजोरीवर पडला.